६९ आणि ७० यांच्यामधलं अंतर

मार्च २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रेट कलेक्शन्स या पेढीने चांदीचं एक नाणं विकलं. ही पेढी लिलाव करते तो फक्त इंटरनेटवर. नाणं अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं, १९९५ सालचं, दर्शनी किंमत एक डॉलर. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१ ग्रॅमच्या जरासं वर. शेवटची बोली ७८,७७७ डॉलरवर थांबली. त्यावर पेढीचं दहा टक्के शुल्क चढलं आणि गिऱ्हाइकाला ते नाणं ८६,६५४ डॉलर ७० सेंटला पडलं. तेव्हाच्या दराने साधारण ४७ लाख रुपये. त्या दिवसांत ते नाणं वितळवून चांदीच्या भावाने विकलं असतं तर तीस डॉलरही हाती आले नसते.

हे नाणं दुर्मीळ होतं का? होतं, पण त्याच्या दुर्मीळपणाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. ‘अमेरिकन सिल्व्हर ईगल’ ही चांदीच्या नाण्यांची मालिका १९८६मध्ये सुरू झाली. १९९५मध्ये तिला दहा वर्षं होत होती, म्हणून टांकसाळीने एक खास संच काढला. त्यात सोन्याची चार प्रूफ नाणी आणि सोबत चांदीचं हे पाचवं. त्यावर वेस्ट पॉइंट इथल्या टांकसाळीची ‘डब्ल्यू’ ही खूण. संचाची किंमत ९९९ डॉलर, आणि चांदीचं नाणं सुटं मिळणार नाही अशी अट. जो माणूस दरवर्षी वीस-पंचवीस डॉलर मोजून चांदीचं एकेक नाणं जमवत आला होता, त्याच्यावर आता सोनं घ्यायची सक्ती झाली. पुष्कळांनी रागाने पाठ फिरवली. त्यामुळे ‘डब्ल्यू’ खुणेची नाणी निघाली फक्त ३०,१२५. त्याच वर्षीची फिलाडेल्फियाची प्रूफ नाणी चार लाखांहून जास्त होती. मालिका पुरी करायची तर या तीस हजारांतलं एक मिळवण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून त्याला पहिल्यापासून चांगला भाव राहिला.

पण त्या दुर्मीळपणाची किंमत तेव्हा तीन-चार हजार डॉलरच्या घरात होती. तेवढ्यात या नाण्याचा जवळजवळ निर्दोष नमुना मिळत असे, ६९ या ग्रेडचा. वरचे ऐंशी हजार मोजले गेले ते ६९च्या जागी ७० असल्याबद्दल.

या एका गुणाचा फरक डोळ्यांना कसा दिसतो, ते आधी पाहू. प्रूफ नाणं म्हणजे चलनात फिरवायला नव्हे, तर संग्राहकासाठी मुद्दाम पाडलेलं नाणं. चकती आधी घासून-पुसून चकचकीत करतात, ठसाही तसाच तयार करतात आणि एकाच चकतीवर एकाहून जास्त वेळा दाब देतात. परिणामी नाण्याचा मोकळा भाग आरशासारखा काळसर दिसतो आणि त्यावरची आकृती दुधी, मऊ झाक असलेली. सिल्व्हर ईगलवर झेंड्यासारखं वस्त्र ल्यालेली स्वातंत्र्यदेवी उगवत्या सूर्याकडे चालली आहे. आकृती अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराची, १९१६च्या अर्ध्या डॉलरवरून उचललेली. तपासनीस हे नाणं कडेला धरून दिव्याखाली हळूहळू कलतं करतो. नजर पहिली जाते ती देवीच्या समोरच्या आरशासारख्या मोकळ्या जागेवर, कारण तिथे केसाएवढा ओरखडाही लपत नाही. मग उंचावट्याच्या जागांवरची दुधी झाक कुठे घासली गेली आहे का, ते पाहायचं. मग कडा. पाच पट मोठं करून दाखवणाऱ्या भिंगातून एकही दोष दिसला नाही तर ७०. धुळीएवढा ठिपका किंवा पापणीच्या टोकाएवढी रेघ दिसली तर ६९. नुसत्या डोळ्यांनी ही दोन नाणी शेजारी ठेवून कोणतं कोणतं ते सांगणं, रोज नाणी हाताळणाऱ्या दुकानदारालाही जड जातं. वर आणखी एक गोष्ट. हा निवाडा यंत्र देत नाही, माणसं देतात, आणि एका नाण्यावर त्यांचा वेळ जातो तो सेकंदांत मोजावा एवढाच.

ही ७० गुणांची मोजपट्टी आली कुठून? विल्यम हर्बर्ट शेल्डन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या अंगकाठीवरून त्याचा स्वभाव ठरतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी माणसांचे लठ्ठ, पिळदार आणि सडपातळ असे तीन मूळ प्रकार पाडले होते. तो सिद्धांत शास्त्रात टिकला नाही. नाण्यांच्या बाबतीत मात्र त्यांची वर्गवारी टिकली. अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांवर त्यांनी १९४९मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी पट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणारं झिजलेलं नाणं म्हणजे १, आणि टांकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखं म्हणजे ७०. मध्येच कुठेतरी थांबणारा हा आकडा कशासाठी? कारण ही पट्टी मुळात भावाची होती. त्या काळच्या बाजारात १७९४च्या सेंटचा सर्वांत वाईट नमुना जर एक डॉलरला जात असेल, तर सर्वांत चांगला साधारण सत्तर डॉलरला जावा, असा तो हिशेब होता. मूळ किंमत गुणिले ग्रेड, झाला भाव. बाजाराने हे गणित लवकरच मोडलं, पण आकडे राहिले. या शेल्डनसाहेबांनी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट नाणी काढून त्यांच्या जागी स्वतःकडची हलकी नाणी ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. म्हणजे नाण्याची प्रत कशी ओळखावी हे ज्याने जगाला शिकवलं, त्याने ती विद्या स्वतःसाठीही वापरली.

सुरुवातीला ही पट्टी तांब्याच्या नाण्यांपुरती होती. पुढे ती सगळ्या नाण्यांना लागली, आणि तिला धंद्याचा पाया करण्याचं काम १९८०च्या दशकात झालं. तोवर ग्रेड ठरवायचा तो विकणारा. विकताना त्याच्या लेखी नाणं ६५, आणि तेच नाणं वर्षभराने परत विकायला नेलं की त्याच दुकानात ६३. दोन गुणांत अर्धी किंमत जायची आणि गिऱ्हाईक हात चोळत बसायचं. यावर तोडगा म्हणून १९८६मध्ये कॅलिफोर्नियात पीसीजीएस ही कंपनी काम करू लागली आणि १९८७मध्ये एनजीसी. नाणं त्यांच्याकडे पाठवायचं, फी भरायची, त्यांचे तज्ज्ञ एकमेकांना न विचारता ग्रेड देणार, आणि मग नाणं पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद. आत छापील पट्टी, तिच्यावर साल, ग्रेड आणि क्रमांक. संग्राहकांच्या भाषेत ही डबी म्हणजे ‘स्लॅब’. न फिरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० असे अकरा गुण या कंपन्यांनी रूढ केले.

स्लॅबचा खरा उपयोग असा, की नाणं न पाहता विकत घेता येऊ लागलं. आधी फोनवरून, मग संगणकावरून. ईबे सुरू झालं तेही १९९५मध्येच. दुकानदाराच्या काउंटरवर भिंग लावून बसायची गरज उरली नाही. अमक्या सालचं, तमक्या टांकसाळीचं, ७० ग्रेडचं नाणं एवढं सांगितलं की पुरे. मालाऐवजी पट्टीवरचा आकडा विकला जायला लागतो तो इथून.

या आकड्याला खरी धार आणली ती ‘सेट रजिस्ट्री’ने. पीसीजीएसने २००१मध्ये ही यादी इंटरनेटवर आणली. कल्पना साधी. तुमच्याकडच्या स्लॅबचे क्रमांक भरायचे, प्रत्येक नाण्याला त्याच्या ग्रेडप्रमाणे गुण, अवघड नाण्याला जास्त वजन, आणि सगळ्यांची बेरीज करून जगातल्या संग्राहकांची क्रमवारी. पहिल्या नंबराला मानचिन्ह. आजवर कपाटात बंद असलेली हौस आता सगळ्यांसमोर गुणपत्रिका घेऊन उभी राहिली. आणि स्पर्धेत १९९५चं नाणं ६९चं असेल तर पहिला नंबर नाही. मग ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या दृष्टीने तो शेवटचा एक गुण म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या जागेतला फरक. हौसेला मोल नाही म्हणतात, पण इथे ते डॉलर आणि सेंटमध्ये मांडता येत होतं.

आता लिलावाकडे वळू. इथेच सगळी गोम आहे. बहुतेक ऑनलाइन लिलावांत तुम्ही तुमची कमाल रक्कम गुप्तपणे भरून ठेवता, आणि यंत्रणा समोरच्यापेक्षा एक पायरी जास्त एवढीच बोली तुमच्या वतीने लावते. म्हणजे जिंकणारा त्याची कमाल रक्कम देत नाही. तो देतो दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची कमाल रक्कम, अधिक एक पायरी. शेवटचा आकडा ठरवला हरणाऱ्याने. जगात ते नाणं आपल्यासाठी सत्तर-ऐंशी हजारांचं आहे असं मानणारी दोनच माणसं असतील, तिसऱ्या माणसाच्या मते ते वीस हजारांचं असेल आणि चौथ्याच्या मते दहाचं, तरी एक नाणं आणि दोन हट्टी माणसं एवढ्यावर भाव ऐंशी हजारांपर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी तेच ‘बाजारभाव’ म्हणून सगळीकडे छापून येतं.

आणि महिन्याभराने अगदी तसंच दुसरं नाणं लिलावात आलं की? पहिल्या माणसाचं काम झालेलं आहे, तो आता बोली लावणार नाही. रिंगणात उरला तो एक हट्टी माणूस आणि वीस हजारवाला. भाव ठरणार वीस हजारवाल्याच्या मतावर. नाण्यात काहीही बदल न होता तीन-चतुर्थांश किंमत गेली. १९७१मध्ये अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल असाच एक निष्कर्ष मांडला होता: क्षेत्राच्या किमतीचा अंदाज ज्याने सर्वांत जास्त फुगवला तोच लिलाव जिंकतो, त्यामुळे जिंकणं हेच नुकसानीचं लक्षण ठरू शकतं. तेलात निदान खाली काय आहे ते विहीर खणल्यावर कळतं. नाण्याच्या बाबतीत कळतं ते विकायला काढल्यावर.

१९९५च्या सिल्व्हर ईगलचं पुढे हेच झालं. त्याच ग्रेडची आणखी नाणी तपासून निघत गेली, लिलावांत येत गेली आणि पुढच्या विक्रींचे आकडे ८६ हजारांच्या खूप खाली राहिले.

याहून बोलकं उदाहरण एका सेंटचं आहे. १९६३ सालचं लिंकनचं प्रूफ सेंट. त्या वर्षी टांकसाळीने प्रूफ संच विकले ३० लाखांहून जास्त, आणि प्रत्येक संचात हे एक सेंट. म्हणजे दुर्मीळ या शब्दाशी त्याचा दुरान्वयानेही संबंध नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास त्यातल्या एका सेंटला पीसीजीएसने ७० ग्रेड दिला. पट्टीवर ‘डीप कॅमिओ’ असाही शेरा होता, म्हणजे आरसा आणि दुधी झाक यांचा विरोध ठळक आहे. त्या घडीला कंपनीच्या नोंदीत त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. लिलावात ते ३९,१०० डॉलरला गेलं. बातमी पसरली. आणि ज्यांच्याकडे १९६३चे संच होते त्या सगळ्यांनी ते बाहेर काढले. सेंट वेगळी करून, भिंगाखाली धरून, चांगली वाटतील ती तपासणीला रवाना केली. तपासणीला नाण्यामागे वीस-तीस डॉलर लागतात, आणि लागली लॉटरी तर चाळीस हजार. न पाठवणारा वेडा. काही काळात ७० ग्रेडची आणखी सेंट निघाली, भाव काही हजारांवर आला आणि मग त्याहूनही खाली घसरत गेला.

लासलगावच्या बाजारात एका हंगामात कांद्याला सोन्याचा भाव आला की पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात आणि ट्रॉल्यांची रांग लागते. आधुनिक नाण्यांच्या टोकाच्या ग्रेडचं तसंच आहे. तिथे चढा भाव हेच नव्या मालाला दिलेलं आवतण असतं. जुन्या, खऱ्या अर्थाने मोजक्या नाण्यांना हे लागू नाही. १९३३चं सोन्याचं ‘डबल ईगल’ जून २०२१मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याला कितीही मोठा भाव आला तरी कायदेशीररीत्या खाजगी मालकीत ठेवता येईल असं दुसरं १९३३चं डबल ईगल कुणाच्या कपाटातून बाहेर येणार नव्हतं. १९६३चं सेंट मात्र घरोघरी होतं.

इथे ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’ नावाच्या तक्त्याबद्दल सांगायला हवं. कोणत्या नाण्याचे कोणत्या ग्रेडचे किती नमुने आपण तपासले, हे दोन्ही कंपन्या जाहीर करतात. लिलावाच्या वर्णनात मग ठळक अक्षरांत येतं: या ग्रेडमध्ये फक्त तीन, याहून वर एकही नाही. वाचणाऱ्याला वाटतं, जगात अशी तीनच. वस्तुतः हा तक्ता सांगतो एवढंच, की आजवर तपासणीला आलेल्यांपैकी तीन. जुनं, किमती नाणं असेल तर या दोन आकड्यांत फार अंतर नसतं, कारण असं नाणं बहुधा केव्हाच तपासून झालेलं असतं. पण ज्या नाण्याची किंमत तपासणीच्या फीपेक्षाही कमी, ते पाठवणार कोण? शंभरातली नव्व्याण्णव तशीच पडून असतात.

हा तक्ता दुसऱ्या बाजूनेही फसवा आहे. ६९चं नाणं हाती आलं, मालकाला वाटलं हे ७०चं आहे, की तो डबी फोडतो आणि नाणं पुन्हा पाठवतो. तपासणारी माणसं वेगळी, दिवस वेगळा, कदाचित एक गुण वाढेल. नाही वाढला तर परत फोडायची. फोडलेल्या डबीतली पट्टी कंपनीला परत केली नाही तर जुनी नोंद तशीच राहते आणि एकच नाणं तक्त्यात तीन-चार वेळा मोजलं जातं. हा नाद नाही, काही जणांचा चक्क धंदा आहे. ज्या बाजारात ६९ आणि ७० यांच्यात हजारो डॉलरचं अंतर आहे तिथे तो असणारच. आणि काल ६९ असलेलं नाणं आज ७० होऊ शकतं, तर आपण ऐंशी हजार नेमके कशाचे मोजले, असा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हरकत नाही.

बरं, ७० मिळालं म्हणून ते ७० राहतंच असंही नाही. चांदीच्या आधुनिक नाण्यांवर पांढरे ठिपके येतात. संग्राहक त्यांना दुधाचे डाग म्हणतात. टांकसाळीत चकत्या धुताना राहिलेला अंश पुढच्या तापवण्यात धातूत बसतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. डाग दिसायला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर नाणं डबीत बंद होऊन, ७०ची पट्टी लेवून विकलं गेलेलं असतं. कॅनडाच्या टांकसाळीला आपल्या चांदीच्या ‘मेपल लीफ’ नाण्यांवरच्या या डागांचा इतका त्रास झाला, की २०१८मध्ये तिने त्यावर स्वतःची एक प्रक्रिया आणली. तांब्याचं दुखणं वेगळं. त्याचा लाल रंग हवेने उतरतो. पीसीजीएसने २०१०पासून तांब्याच्या रंगाची हमी देणंच बंद केलं. ग्रेडची हमी कोणत्या गोष्टींना लागू नसते, हे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. लिलावाच्या शेवटच्या मिनिटात ती अक्षरं कोण वाचतो!

आजची परिस्थिती तर आणखी पुढे गेली आहे. टांकसाळींची कारागिरी इतकी सुधारली आहे, की अलीकडच्या सिल्व्हर ईगलच्या प्रूफ नाण्यांना ७० मिळणं यात नवल राहिलेलं नाही. मोठे व्यापारी टांकसाळीकडून पेट्यांनी माल उचलतात, तो घाऊक तपासणीला देतात, ७०ची नाणी दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवर चढ्या भावाने विकतात, आणि ६९ची उरलीसुरली चांदीच्या भावापेक्षा थोड्या वर काढून टाकतात. ७० सगळ्यांनाच मिळायला लागल्यावर पट्टीवर आणखी काहीतरी हवं, म्हणून ‘फर्स्ट स्ट्राइक’सारखे शब्द आले. ऐकताना वाटतं, ठसा नवा असताना पाडलेली ही पहिली नाणी. प्रत्यक्षात अट एवढीच, की विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांच्या आसपासची ती असावीत. कोणतं नाणं आधी पाडलं आणि कोणतं नंतर, याची आपण नोंद ठेवत नाही, असं अमेरिकेच्या टांकसाळीने स्वतःच सांगितलेलं आहे.

म्हणून सगळी उच्च ग्रेडची आधुनिक नाणी ही हवाच आहे, असं मात्र माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या १९८२ आणि १९८३च्या साध्या पाव डॉलरचं पाहा. करोडोंनी पाडलेली नाणी. पण त्या दोन वर्षांत टांकसाळीने खर्च कमी करण्यासाठी संग्राहकांचे नेहमीचे वार्षिक ‘मिंट सेट’ काढलेच नाहीत. इतर वर्षांची न फिरलेली नाणी लाखो लोकांनी पाकिटात जपून ठेवली होती. या दोन वर्षांची सरळ पोत्यांतून बँकेत आणि बँकेतून गल्ल्यात गेली. पोत्यात हजारो नाणी एकमेकांवर आदळतात, मोजणीच्या यंत्रातून घासत जातात, नाण्यावरच्या वॉशिंग्टनच्या गालावर चरे पडतात. त्यामुळे या सालांचं उत्तम नाणं आज खरोखरच शोधून सापडत नाही. इथे कमतरतेला एक कारण आहे, आणि ते १९८२मध्येच घडून गेलेलं आहे. भाव कितीही चढला तरी ते बदलता येत नाही. जेफरसनच्या निकेलचंही तेच. मागच्या बाजूला त्याचं माँटिसेलो हे घर आहे आणि घराला पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या सलग, न तुटता उमटलेल्या असतील तर नाण्याला वेगळा मान आणि वेगळा भाव. काही वर्षी टांकसाळीने झिजलेले ठसे इतके ताणून वापरले, की अख्ख्या उत्पादनात पायऱ्या नीट उमटलेलं नाणं सापडणं कठीण. माझ्या मते घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न हाच आहे: हे कमी का आहे? उत्तर टांकसाळीत, पोत्यात किंवा ठशात सापडत असेल तर गोष्ट वेगळी. उत्तर फक्त तक्त्यात असेल तर थांबावं.

भारतात ही लाट उशिरा आली, पण आली आहे. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू इथल्या लिलाव-पेढ्यांच्या ऑनलाइन विक्रीत स्लॅबबंद नाणी आता नेहमी दिसतात. आपल्याकडे एक कायद्याची बाबही आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी ही पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे परदेशात तपासणीलाही पाठवता येत नाहीत. प्रजासत्ताकाच्या काळातली, म्हणजे १९५०नंतरची नाणी त्यात येत नाहीत. साहजिकच ‘जगातलं एकमेव सर्वोच्च ग्रेडचं’ ही बिरुदं आपल्याकडे याच नाण्यांना लागतात, आणि जपून राहावं ते इथेच. मुंबईच्या टांकसाळीने काढलेले १९६९च्या गांधी जन्मशताब्दीपासूनचे प्रूफ संच घ्या. अनेकांच्या घरी ते मूळ डबीत आहेत. त्यातलं एखादं नाणं कुणीतरी हौसेने परदेशी पाठवलं, त्याला चांगला ग्रेड मिळाला, की तक्त्यात आकडा येतो १. इतरांनी पाठवलेलंच नसतं. एवढ्या लांब पाठवायचा खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. अमेरिकेतल्या तक्त्यात निदान हजारोंची छाननी झालेली असते. आपल्याकडे तो ‘१’ बहुधा एकाच्याच छाननीतून आलेला असतो.

आणि आपल्या टांकसाळींचा इतिहास लक्षात ठेवलेला बरा. मुंबई आणि कोलकाता इथल्या टांकसाळींनी एके काळी संग्राहकांच्या मागणीवरून ब्रिटिश अमदानीतली नाणी जुन्या ठशांवरून पुन्हा पाडून दिली आहेत. त्यांना ‘रिस्ट्राइक’ म्हणतात. जाणकार त्यांचा भाव वेगळा धरतात, पण नवखं गिऱ्हाईक चकचकीतपणाला भुलतं, आणि रिस्ट्राइक मूळ नाण्याहून चकचकीत असणं साहजिक आहे.

याच्या खालच्या थरात तर सरळ फसवणूक आहे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखोंना जातं, अमुक अंकांची नोट द्या आणि श्रीमंत व्हा, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. विकायला गेलेल्या माणसाकडून नोंदणीचे, कराचे, कमिशनचे म्हणून आधी पैसे उकळायचे, ही त्यातली ठरलेली युक्ती. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही वापरलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२१मध्ये बँकेला जाहीर करावं लागलं, की आपण अशा व्यवहारांत नाही, त्यासाठी कुणाला नेमलेलं नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही. २०१२चं वैष्णोदेवीचं नाणं मोठ्या संख्येने चलनात आलेलं आहे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी नाणी विकणाऱ्यांकडे विचारलंत तर ते तुम्हाला त्याचा खरा भाव सांगतील, आणि तुमच्याकडचं विकायला काढलंत तर बहुधा घेणार नाहीत.